सील पुन्हा बदलण्याआधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा

तुमची अडचण मला समजली ती अशी: सोसायटीच्या बेसमेंटमधल्या संपात (पाणी साठायच्या खड्ड्यात) ३ एचपीचा थ्री फेज ड्रेनेज सबमर्सिबल आहे. गेल्या पावसाळ्यापासून दोनदा सील बदललं, दोन्ही वेळा काही आठवड्यांतच तेल दुधाळ झालं आणि आता पंप चालू केला की आरसीसीबी (वीज अर्थला गळली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो. मेकॅनिकचं म्हणणं, या वेळी सीलला भरपूर ग्रीस लावून बसवू, म्हणजे टिकेल. तुम्हाला विचारायचंय की ग्रीस कुठलं आणायचं आणि सील बसवल्यावर लीक टेस्ट कशी घ्यायची.

ग्रीसचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकतो. मेकॅनिकल सीलचे जे दोन फेस, म्हणजे सपाट कड्या, एकमेकांवर घासतात, त्यांच्यावर ग्रीस लावायचं नाही. कुठल्याही कंपनीचं नाही. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न ग्रीसचा नाहीच. दोनदा नवं सील बसवूनही पाणी आत येतंय, म्हणजे एक तर सील बसवताना गडबड होतेय, किंवा सील लवकर खाणारं दुसरंच काही आत चालू आहे, किंवा पाणी सीलमधून येतच नाहीये. यातलं काय ते ठरवण्याआधी तिसरं सील आणलंत तर भलं होईल ते दुकानदाराचं.

आधी एक खात्री करून घ्या. पुढचं सगळं ऑइल चेंबर असलेल्या पंपाबद्दल आहे: खाली इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), मध्ये तेलाचा चेंबर, वर मोटर. बोअरमधल्या चार किंवा सहा इंची पंपाचं गणित निराळं असतं. त्यातल्या बऱ्याच मोटरी आतून पाण्यानेच भरलेल्या असतात, त्यांचे बुश पाण्यावर चालतात आणि वायंडिंगची वायरच पाण्यात राहील अशी असते. तसल्या मोटरीत कोणी तेल किंवा ग्रीस भरू म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तुम्ही दुधाळ तेलाबद्दल लिहिलंय, म्हणून तुमचा पंप पहिल्या जातीचा धरतो.

पंप बाहेर काढताना मेन स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवा आणि पंप साखळीने वर ओढा, केबलला धरून नाही. संपात सांडपाणी येत असेल तर कोणालाही खाली उतरवू नका. त्या खड्ड्यांतला वायू माणूस मारतो, आणि गटारं किंवा सेप्टिक टाक्या साफ करायला माणूस असा उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

आता आतली रचना, कारण ती कळली की निदान सोपं होतं. शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दोन सील असतात, एक पंपाच्या बाजूला खाली आणि एक मोटरच्या बाजूला वर. मधलं तेल दोन्ही सीलच्या फेसना वंगण देतं आणि त्यांची उष्णता ओढून घेतं. शिवाय खालच्या सीलने दगा दिला तर पाणी थेट वायंडिंगवर न जाता आधी तेलात येतं, म्हणजे तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळतो. दोन फेसमध्ये द्रवाचा जो थर असतो तो मायक्रॉनच्या हिशेबातला, डोळ्यांना न दिसणारा. फेस इतके सपाट घासलेले असतात म्हणूनच तो थर टिकतो. तिथे ग्रीस गेलं की फेस एकमेकांपासून उचलले जातात, फट वाढते, ग्रीस घर्षणाने जळून काळा पापुद्रा धरतं आणि वाटेत चिकटलेली धूळ फेसवर ओरखडे काढते. वंगणाचं काम चेंबरमधलं तेल करतं, तुम्ही वेगळं काही द्यायची गरज नाही. याच थरामुळे कुठलंही मेकॅनिकल सील शंभर टक्के कोरडं नसतं. वर्षभराने तेलात चमचाभर पाणी सापडलं म्हणून घाबरून सील बदलायचं कारण नाही. काही आठवड्यांत अख्खं तेल दुधाळ झालं तर मात्र ती साधी झिरपण नव्हे.

मी पंप टेबलावर आला की पहिल्यांदा तेल काढतो, आणि तेही स्वच्छ पारदर्शक बाटलीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते सरळ गटारात ओततात आणि पुरावाच वाहून जातो. बाटली रात्रभर न हलवता ठेवा. पाणी खाली बसलं की किती भाग पाणी आणि किती भाग तेल ते पट्टीने मोजता येतं. पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी असेल तर मी चेंबरला गळती आहे असं धरतो. रंगही बघा: दुधाळ म्हणजे पाणी, काळं आणि जळका वास म्हणजे फेस किंवा बेअरिंग तापलंय, आणि तळाशी करडी पूड म्हणजे फेस झिजतायत.

त्यानंतर मोटरचं झाकण उघडून आत बघायचं, आणि तेलाचं आणि मोटरचं चित्र जोडीने वाचायचं. तेलात पाणी पण मोटर कोरडी असेल तर दोष खालच्या बाजूला आहे: खालचं सील, चेंबरची ओ रिंग (जोडातली गोल रबरी कडी) किंवा तेलाच्या प्लगचा वॉशर. वॉशरकडे कोणी बघत नाही, पण प्रत्येक वेळी तोच दबलेला वॉशर परत लावला की तो गळणारच. तेल स्वच्छ आणि मोटर ओली असेल तर सीलला हातही लावू नका. पाणी वरून आलंय, म्हणजे केबल ग्लँडमधून (केबल मोटरमध्ये शिरते तिथल्या रबरी बुचातून), केबलच्या आतून किंवा मोटरच्या झाकणाच्या ओ रिंगमधून. दोन्हीकडे पाणी असेल तर दोन शक्यता आहेत. खालचं सील आधी गेलं आणि मग वरचं, असं असेल तर मोटरमध्ये तेलाचे डागही सापडतील. वायंडिंगवर तेल नाही, नुसतं पाणी आहे, तर मी दोन स्वतंत्र गळत्या धरतो. आणि तेल कमी झालंय पण त्यात पाणी नाही, तर ते बहुधा वरच्या सीलमधून मोटरमध्ये गेलंय. तिथे ते वायंडिंगच्या तळाशी साचलेलं दिसतं.

तुमच्या लिहिण्यात मला खटकतंय ते हे की आरसीसीबी ट्रिप होतोय म्हणजे कुठेतरी वीज अर्थला जातेय, आणि मोटर उघडून बघितल्याचा मात्र उल्लेख नाही. दोनदा सील बदलताना मेकॅनिकने फक्त खालचा भाग उघडला असावा असा माझा अंदाज आहे.

इथे मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लागतो. केबल पॅनेलमधून पूर्ण सोडवा, नाहीतर तुम्ही पॅनेलचंच रीडिंग घेत बसाल. ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज ते अर्थ, एकेक मिनिट. १ मेगाओहमच्या खाली आलं तर तो पंप लाइनवर लावायचा नाही. मग मोटरच्या टर्मिनलवरून केबल काढा आणि दोघांचं वेगवेगळं मेगर घ्या. हे करायला अर्धा तास जातो म्हणून टाळलं जातं, पण याच अर्ध्या तासात कळतं की मोटर ओली आहे की केबल. रीडिंग घेतल्यावर टर्मिनल अर्थला टेकवून डिस्चार्ज करायला विसरू नका. मोटर थंड असताना घेतलेलं आणि गरम असताना घेतलेलं रीडिंग सारखं नसतं. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं रीडिंग ढोबळमानाने निम्मं होतं, त्यामुळे तुलना करायची तर सारख्याच तापमानाला करा.

केबलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सीलच्या नावावर खपवलेल्या बिघाडांत केबलचा वाटा मोठा असतो. केबलचं वरचं आवरण कुठे चिरलं असेल तर पाणी तारांच्या मधून आत ओढलं जातं आणि मीटरच्या मीटर प्रवास करून मोटरमध्ये उतरतं. केबलचं पॅनेलकडचं टोक पाण्यात पडलं तरी तेच. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या काही बेसमेंट पंपांचे सील ठणठणीत होते. त्यांची पॅनेल बुडाली होती आणि पाणी वरून केबलमधून खाली उतरलं होतं. तेव्हा पॅनेल जमिनीपासून उंच लावा आणि केबलचं टोक कधीही उघडं खाली लोंबकळत ठेवू नका. ग्लँडचं रबर केबलच्या व्यासाला घट्ट बसणारं हवं. बाहेरून बारीक केबल बदलून लावली आणि ग्लँडचं रबर तेच ठेवलं तर कितीही आवळा, पाणी येणार. कडक झालेलं रबर बदला, त्यावर सिलिकॉनचा गोळा थापू नका. आणि पाण्यात बुडणारा केबल जॉइंट काळ्या टेपवर सोडू नका. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह किंवा रेझिनचा जॉइंट किट वापरा.

समजा निदानात खालचं सीलच निघालं. तर ते लवकर का गेलं याचं कारण आधी बघा. पावसाळ्यात पुण्यातल्या बेसमेंटमध्ये झिरपून येणाऱ्या पाण्यात मुरमाचे कण आणि बांधकामाचं राहिलेलं सिमेंट असतं. अशा पाण्यात कार्बन आणि सिरॅमिकच्या फेसची जोडी लवकर खाल्ली जाते. खालच्या बाजूला सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकॉन कार्बाइड मागा. पंपांचे सुटे भाग मिळतात तिथे किंवा कंपनीच्या डीलरकडे शाफ्टच्या मिलीमीटरच्या मापाने सील मिळतं. जुनं सील सोबत न्या आणि दुकानदाराला फेसचं मटेरियल स्पष्ट विचारा, कारण बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

पण चांगलं सील वाकड्या शाफ्टवर टिकत नाही. इम्पेलर धरून वरखाली आणि आडवा हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर आधी बेअरिंग. डायल गेज असेल तर सील बसतं त्या जागी शाफ्टचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) मोजा. ०.०५ मिमीच्या वर गेला तर मला तो शाफ्ट आवडत नाही. इम्पेलरला कापड किंवा दोरा गुंडाळला असेल तर पंप असंतुलित फिरतो आणि फेस एकमेकांवर आदळत राहतात. अशा पंपाला सील बदलून देणं म्हणजे उंदराचं बीळ शोधायच्या आधी पोती शिवत बसणं. लहान डीवॉटरिंग पंपांत कधी कधी मेकॅनिकल सीलऐवजी ओठ असलेलं साधं ऑइल सील असतं. तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सील त्याच खाचेत बसून गळतं. ओठांमध्ये थोडं ग्रीस फक्त या जातीच्या सीलला चालतं, आणि मला वाटतं तुमच्या मेकॅनिकचा गोंधळ इथूनच झाला असावा.

सील बसवताना हात आणि जागा स्वच्छ हवी. फेसला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन पुसा. शाफ्टवरच्या सर्क्लिपच्या (अडकवायच्या स्प्रिंगी कडीच्या) खाचेवर आणि इम्पेलर अडकवणाऱ्या चावीच्या कडेवर टेप गुंडाळा, नाहीतर सील सरकवतानाच आतलं रबर कापलं जातं आणि पंप पहिल्या दिवसापासून गळतो. रबर सहज सरकावं म्हणून वंगण लागतंच. इथे रबर कुठलं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. नायट्राइल रबर असेल तर चेंबरमधलंच पातळ तेल दोन थेंब बोटाने चोळा. इपीडीएम असेल तर खनिज तेल आणि पेट्रोलियम ग्रीस दोन्ही वर्ज्य, कारण ते रबर फुगतं. तिथे साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस घ्या. रबर कुठलं ते माहीत नसेल तर साबणाच्या पाण्याने कोणाचंच वाईट होत नाही. ओ रिंगला मात्र सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. चकाकण्यापुरता, भरायचा नाही. जास्त लावलं तर खोबणीत जागा उरत नाही आणि दाबल्यावर रिंग चुकीच्या बाजूला ढकलली जाते. स्प्रिंग शंकूच्या आकाराची असेल तर डावी की उजवी ते बघा, ती पंपाच्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे असते. उलटी बसली तर फिरताना सैल होते.

आतापर्यंतचा हिशेब एवढाच: तेल बाटलीत, मोटर उघडून, मेगर वेगवेगळं, मग सीलचा निर्णय, आणि फेस कोरडे स्वच्छ पण रबर ओलं. आता लीक टेस्ट.

घरगुती साधनांत होईल अशी टेस्ट सांगतो. तेलाचा जुना प्लग घ्या, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह हवाबंद बसवा. नवं सील आणि ओ रिंग लावून चेंबर बंद केल्यावर, तेल भरण्याआधी, आत चार चमचे तेल सोडा आणि शाफ्ट हाताने काही फेऱ्या फिरवा, म्हणजे फेस ओले होतील. कोरड्या फेसवर घेतलेली टेस्ट खोटं सांगते. मग प्लग लावून सायकलच्या पंपाने हवा भरा. कंप्रेसर टाळा. दाब अर्धा ते पाऊण किलो (दर चौरस सेंटीमीटरला), फार तर ०.८ बार. बऱ्याच उत्पादकांची मर्यादाही याच्या आसपास असते, पण तुमच्या पंपाच्या पुस्तकात जे लिहिलंय ते माझ्या शब्दापेक्षा वरचं. ०.८ बार म्हणजे सुमारे ८ मीटर पाण्याचा दाब. बेसमेंटच्या संपाला तो पुरेसा आहे. त्याहून जास्त दिलात तर बेलो (सीलचं घड्या असलेलं रबर) सरकतं, ओ रिंग बाहेर येते किंवा झाकण उडतं. दाबलेली हवा फुटली तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त इजा करते, म्हणून टेस्ट चालू असताना झाकणाच्या समोर तोंड आणू नका. गेज ० ते १० किलोचा असेल तर ०.८ वर काटा नीट कळणार नाही. ० ते २.५ किलोचा घ्या. पीएसआयमध्ये मोजणार असाल तर साधारण १२ पीएसआय.

हवा भरून पाचेक मिनिटं थांबा, मग काटा नोंदवा आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघा. लगेच बघितलंत तर थोडी घसरण दिसेल आणि तुम्ही उगाच सील उघडाल. दाबताना हवा गरम होते आणि नंतर निवते. ३ अंश निवली तर ०.८ बारच्या गेजवर जवळजवळ ०.०२ बार उतरतात, सील बिचारं निर्दोष असतं. त्याहून जास्त उतरलं तर गळती शोधा: साबणाचं पाणी ब्रशने शाफ्टभोवती, प्लगभोवती आणि जोडावर लावा. शाफ्ट हळूहळू हाताने फिरवत बघा. एकाच जागी बुडबुडे येऊन दुसऱ्या जागी थांबत असतील तर सील नव्हे, शाफ्ट वाकडा आहे. केबलच्या मोकळ्या टोकावर पातळ फुगा चढवून बांधा. चेंबरमध्ये हवा भरल्यावर फुगा फुगला, तर वरचं सील हवा सोडतंय आणि ती मोटरमधून केबलच्या आतून येतेय. केबलचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची सवय काहींना असते. ती मोडा, त्याने केबल पाणी पिते.

या टेस्टची मर्यादाही लक्षात घ्या. पाणी बाहेरून आत दाब देतं आणि आपण हवा आतून बाहेर देतोय. सीलची स्प्रिंग तेलात असेल तर आतला दाब फेसना अजून घट्ट दाबतो आणि थोडा दोष लपतो. स्प्रिंग पाण्याच्या बाजूला असेल तर उलट, फेस उघडायला बघतात आणि चांगलं सीलही किंचित बुडबुडे देतं. शंका राहिली तर हाताचा व्हॅक्यूम पंप जोडा, गॅरेजवाले ब्रेकची हवा काढायला जो वापरतात तो. चेंबर अर्ध्या बारपर्यंत खेचून ठेवला की बाहेरचा दाब प्रत्यक्षातल्या दिशेने लागतो. मी दोन्ही घेतो. एकीत पास आणि दुसरीत नापास झाला तर दोष बहुतेक वेळा फेसमध्येच सापडतो.

टेस्ट पास झाली की चेंबर ताज्या तेलाने खळखळून घ्या. जुन्या पाण्याचा अंश राहिला की नवं तेल आठवड्यात पुन्हा दुधाळ दिसतं आणि सगळे नव्या सीलला शिव्या घालतात. तेल पातळ टर्बाइन तेल, ३२ ग्रेडचं, किंवा उत्पादकाने सांगितलेलं. गाडीचं इंजिन ऑइल नको. त्यातली डिटर्जंटं पाणी तेलात घोळून ठेवतात आणि बाटलीत पाणी खाली बसतच नाही, म्हणजे पुढच्या वेळचं निदान गेलं. संपातलं पाणी पिण्याच्या टाकीला जात असेल तर फूड ग्रेड पांढरं तेल. चेंबर गच्च भरू नका, दहावा हिस्सा मोकळा ठेवा. खनिज तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्क्याने फुगतं. ४० अंश तापलं तर लिटरमागे जवळजवळ ३० मिली वाढतं. हवेची जागा नसेल तर ते सीलमधून वाट काढतं. प्लगला नवा वॉशर लावाच.

मोटर ओली निघाली असेल तर सील आधी आणि सुकवणं नंतर, असं करू नका. वायंडिंग ७० ते ८० अंशांत सावकाश सुकवा, मेगर स्थिरावेपर्यंत, मगच बंद करा. मेगर वाढतच नसेल तर रिवाइंडिंगशिवाय गत्यंतर नाही.

पंप उतरवल्यावर फिरण्याची दिशा तपासा. थ्री फेजला उलटा फिरला तर पाणी कमी येतं आणि काही सील सैल होतात. फ्लोट स्विच प्लास्टिकच्या पिशवीत अडकत नाही ना तेही बघा, कारण रात्रभर कोरडा चाललेला पंप नव्या सीलचीही रया घालवतो. दोन आठवड्यांनी तेलाचा चमचाभर नमुना काढा. तो स्वच्छ असेल तर पुढचा नमुना पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात घ्या.

तिसरं सील घेण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: बाटलीत रात्रभर ठेवल्यावर पाणी किती भाग बसलं, केबल आणि मोटरचं वेगवेगळं मेगर किती आलं, आणि वायंडिंगवर तेलाचे डाग होते की नुसतं पाणी. मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पाठवलात तर सीलचं माप आणि तेलाची मात्राही सांगता येईल.